धावतो रोज, तरी बीपी कसं काय?

या खेपेला सगळे प्रश्न बीपीचेच घेतलेत, कारण आलेल्या मेलमध्ये तेच जास्त होते आणि गंमत म्हणजे लिहिणारे सगळे पळणारे, खेळणारे, जिमला जाणारे लोक आहेत. सूर सगळ्यांचा एकच, मी एवढा व्यायाम करतो मग मला कसं काय? काही जण डॉक्टरवर चिडलेत, काही गोळ्यांवर, आणि एकदोघांनी तर मशीनच खोटं ठरवून टाकलंय. नावं गाळलीयत, गाव आणि वय ठेवलंय. आधीच सांगते, इथं वाचून कुणी आपापली गोळी चालू किंवा बंद करू नका, तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांना काय विचारायचं ते कळावं एवढ्यासाठी हे सगळं.

प्रश्न : मॅडम, मी बँकेत आहे, वय ४६, वजन ६८ किलो. बरीच वर्षं पळतोय, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन चुकवत नाही. दारू-सिगारेट नाही, सकाळी उठल्यावर पल्स ५२ असते. ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये बीपी १५२/९४ निघालं आणि तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू करा म्हटलं. पण माझं स्मार्टवॉच तर १२२/७८ दाखवतं. ग्रुपमधले म्हणतात रनरला बीपी होतच नाही. गोळी घ्यायची का? पळणं थांबवायचं का? (सातारा)

उत्तर : पळणं थांबवायचं नाही. गोळीचं आठवड्याभरानं ठरवा.

कॅम्पमधलं बीपी म्हणजे रांगेत उभं राहून, चहा पिऊन, शेजारच्याशी गप्पा मारत, हात लोंबकळत ठेवून घेतलेलं बीपी. त्या एका आकड्यावर कुणाला बीपीचा पेशंट ठरवत नाहीत, पण तो आकडा फेकूनही द्यायचा नसतो. तुम्ही दंडाला पट्टा बांधायचं चांगलं डिजिटल मशीन आणा (मनगटाचं नको) आणि सात दिवस घरी मोजा. सकाळी पळायला जायच्या आधी, चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, पाय जमिनीला सपाट, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, आणि मग एका मिनिटाच्या अंतरानं दोन रीडिंग. तसंच रात्री. मोबाईल बाजूला ठेवून बरं का, बीपी मोजताना ऑफिसचा ग्रुप वाचणारे लोक मी रोज बघते. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या खाली आली तर तुमचं बीपी दवाखान्यात, कॅम्पमध्ये घाबरून वाढणारं आहे, गोळी लगेच लागणार नाही पण अधूनमधून मोजत राहायचं, कारण अशा लोकांमध्ये पुढं खरं बीपी व्हायचं प्रमाण जास्त असतं. सरासरी १३५/८५ किंवा वर गेली तर ते खरंच वाढलेलं आहे. (दवाखान्यातल्या मोजणीला ही रेघ १४०/९० धरतात, अमेरिकेतले डॉक्टर २०१७ पासून १३०/८० धरतात, म्हणून नेटवर दोन वेगवेगळे आकडे दिसतात, त्यात गोंधळून जाऊ नका.)

आता घड्याळाचं. मनगटावरचं घड्याळ पट्टा न आवळता बीपीचा अंदाज बांधतं, आणि तो अंदाज निदान करण्याइतका भरवशाचा नाही. पल्ससाठी वापरा, बीपीसाठी नको. दुसरं, रनर लोकांची एक लाडकी सवय म्हणजे पळून आल्यावर बीपी मोजायचं, छान आकडा येतो आणि माणूस खूश. तो छान येणारच, कारण व्यायामानंतर रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि पुढचे काही तास बीपी नेहमीपेक्षा खालीच राहतं.

ग्रुपमधल्या मंडळींचं म्हणाल तर पल्स ५२ म्हणजे हृदय तगडं आहे, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतंय, एवढंच. बीपी ठरतं ते रक्तवाहिन्या किती कडक आहेत, किडनी मीठ किती धरून ठेवते आणि आईवडिलांकडून काय आलंय यावर. बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा नियमित पळण्यानं साधारण ५ ते ८ नं उतरतो, ही काही छोटी गोष्ट नाही, पण ज्याचं मुळात १६० व्हायचं होतं त्याचं १५२ च होणार ना. म्हणजे पळणं फुकट गेलं नाही, पळत नसता तर याहून वर असतं. आईला किंवा वडिलांना बीपी आहे का, झोप पुरेशी होते का, घोरता का, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा एटोरिकॉक्सिब अधूनमधून घेता का हे आठवून बघा. पळणाऱ्यांच्या खिशात ही औषधं चॉकलेटसारखी असतात आणि तिन्ही बीपी वाढवतात, एटोरिकॉक्सिब तर बीपी आटोक्यात नसलेल्या माणसानं घ्यायचंच नसतं. घसा धरतो म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणारे, काढ्यात घालून पिणारे पण बघितलेत, त्यानंही बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

सरासरी जास्त आलीच तर ईसीजी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, शुगर, कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं. लघवी द्यायच्या आदल्या दिवशी लाँग रन नको, खूप पळल्यावर थोडं प्रोटीन असंच उतरतं आणि मग उगाच घबराट होते. रेसचं म्हणाल तर घरची सरासरी १६०/१०० च्या खाली असेल आणि या तपासण्या ठीक असतील तर यवतेश्वरचा घाट चढायला हरकत नाही, फक्त यंदा आपली आधीची वेळ मोडायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या वर असेल तर आकडा उतरेपर्यंत घाटातले रिपीट्स आणि इंटरव्हल बंद, चालणं आणि हळू जॉगिंग चालू. आणि बसल्या जागी १८०/११० किंवा वर दिसलं, दोनदा मोजूनही तेच आलं, तर त्या दिवशी बूट काढून ठेवा आणि दवाखाना गाठा. सोबत छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं किंवा नजर अंधुक होणं यातलं काही असेल तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, सरळ इमर्जन्सी.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा २० वर्षांचा आहे, कोल्हापुरात तालमीत राहतो, ९२ किलोत खेळतो. स्पर्धेच्या मेडिकलला त्याचं बीपी १४८/८२ निघालं. वस्ताद म्हणतात पैलवानाचं एवढं असतंच, काही होत नाही. त्याची आई मात्र घाबरलीय, कुस्ती सोड म्हणते. (करवीर तालुका)

उत्तर : वस्तादांचं अर्धं बरोबर आहे आणि वहिनींची काळजीही खोटी नाही.

आधी पट्टा बघा. पैलवानाचा दंड ३६-३८ सेंटिमीटरचा, आणि मेडिकलच्या टेबलावर असतो तो साधा पट्टा, जो साधारण ३२ पर्यंतच्या दंडासाठी बनवलेला. लहान पट्टा जाड दंडावर बांधला की आकडा खोटा वाढून येतो. मोठा पट्टा मागा, आतला फुगा दंडाला किमान ८० टक्के वेढला पाहिजे. दुसरं म्हणजे उंच, तगड्या तरुण खेळाडूंमध्ये वरचा आकडा जास्त आणि खालचा नॉर्मल असं चित्र दिसतं, हृदय एका ठोक्यात खूप रक्त फेकतं आणि लवचिक रक्तवाहिन्यांमधून ती लाट दंडापर्यंत येताना मोठी होते. हृदयाजवळचं खरं प्रेशर तेव्हा नॉर्मल असू शकतं. त्यात वजन करायच्या दिवशीचं टेन्शन. म्हणून मोठ्या पट्ट्यानं, निवांत दिवशी, वर लिहिलंय तसं आठवडाभर मोजा, आणि शंका राहिली तर २४ तासांचं मशीन लावून घ्या, त्यात दिवसरात्रीची सरासरी १३०/८० च्या खाली असायला हवी.

पण एवढं करूनही जास्तच राहिलं तर पैलवानाचं असतंच म्हणून सोडून द्यायचं नाही, इथं वस्ताद चुकतायत. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधल्या खेळाडूंचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला होता, त्यात बीपीचं प्रमाण जवळपास १४ टक्के होतं आणि त्याच वयाच्या इतर तरुणांमध्ये साडेपाच. म्हणजे पिळदार शरीर, रोजचा घाम, सगळं असून. विशीत खरं बीपी निघालं की आम्ही कारण शोधतो. दोन्ही हातांचं बीपी, पायाचं बीपी, मांडीच्या सांध्यातली नाडी (मुख्य धमनी जन्मतः आकुंचन पावलेली असेल तर ती उशिरा आणि मंद लागते), किडनीची सोनोग्राफी, थायरॉईड, पोटॅशियम. मान जाड असेल, रात्री जोरात घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल तर झोपेत श्वास अडकतोय का तेही. हृदयाची इको करताना डॉक्टरांना मुलगा कुस्ती करतो हे आवर्जून सांगा, कारण व्यायामानं जाड झालेलं हृदय आणि बीपीनं जाड झालेलं हृदय वरवर सारखंच दिसू शकतं.

आणि आता जे तालमीत कुणी बोलत नाही ते. मुलाला एकटं घेऊन, ओरडा न करता विचारा, इंजेक्शन घेतोस का. अंगावर मास चढवायची इंजेक्शनं बीपी वाढवतात, रक्त घट्ट करतात, हृदयाची भिंत जाड करतात. बदाम-तुपाच्या खुराकाला माझी हरकत नाही, डब्यावर काय लिहिलंय ते कळत नाही अशा पावडरींना आहे. वजन उतरवायला लघवीची गोळी घेत असेल तर ती आजच बंद. शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम जातं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि लघवी वाढवणारी सगळी औषधं डोपिंगच्या यादीत कायमची बंदी असलेली आहेत. नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) टेस्टमध्ये सापडला तर मला बीपी होतं म्हणून चालत नाही, आधी परवानगी काढलेली असावी लागते.

कुस्ती सोडायची गरज बहुतेक पडणार नाही. आकडा १६०/१०० च्या वर टिकून असेल तर तो उतरेपर्यंत झोंबी आणि जड वजनं थांबवायची, हलकं पळणं ठेवायचं, मग परत आखाड्यात. वहिनींना सांगा घाबरू नका, पण तपासण्या टाळू पण नका.

प्रश्न : वय ३४, आयटी. दोन महिन्यांपासून टेल्मिसार्टन ४० चालू आहे, बीपी आता १२८/८२. जिमला १२० किलो डेडलिफ्ट करायचो, काका म्हणतात वजन उचललंस तर डोक्यातली नस फुटेल, फक्त चाल. खरंच का? (ठाणे)

उत्तर : काकांनी सांगितलं ते पूर्वी डॉक्टर पण सांगायचे, आता नाही सांगत. पण त्यांच्या भीतीला आधार आहे. १९८५ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला, बॉडीबिल्डर्सच्या हाताच्या धमनीत सुई घालून वजनं उचलताना थेट बीपी मोजलं. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना सरासरी ३२०/२५० गेलं आणि एकाचं तर ४८०/३५० च्या वर. हे आकडे वाचून मला पण पहिल्यांदा छापायची चूक वाटली होती. एवढं वर का जातं, तर एक म्हणजे मोठे स्नायू आवळल्यावर त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दुसरं, शेवटचे रेप (म्हणजे वजन उचलायच्या शेवटच्या खेपा) मारताना आपण श्वास कोंडून घशात दाबतो. हा दुसरा भाग आपल्या हातात आहे.

तर तुमचं बीपी आता आटोक्यात आहे, वजनं उचला, पण काही महिने एक-रेपचा मॅक्स विसरा. १० ते १५ रेप आरामात होतील एवढं वजन, उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा, आणि अगदी उचलेनासं होईपर्यंत ताणायचं नाही, एकदोन रेप शिल्लक ठेवून थांबायचं. दोन सेटमध्ये नीट थांबा. डोकं खाली आणि पाय वर असा डिक्लाइन बेंच किंवा लेग प्रेस तूर्तास नको. १२० वर परत जायचं असेल तर जा सावकाश, आकडे बघत. आणि अचानक डोक्यात घण बसल्यासारखं दुखलं तर तो सेट पुरा करायचा नाही, बार खाली आणि तडक डॉक्टर.

प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) घेता का ते लिहिलं नाहीत, पण जिम म्हटलं की मी गृहीत धरते. एका स्कूपमध्ये २००-३०० मिलिग्रॅम कॅफिन सहज असतं, वर दोन कॉफ्या, वर एनर्जी ड्रिंक. बंद करा आणि आठवडाभरानं बीपी बघा, कधी कधी तिथंच उत्तर सापडतं. सर्दीची गोळी पण बघून घ्या, नाक मोकळं करणारी फिनाइलएफ्रिन, स्यूडोएफेड्रिन ही औषधं बीपी चढवतात. क्रिएटिननं बीपी वाढत नाही पण रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं आणि किडनी बिघडली असं वाटू शकतं, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आणि एक तुम्हाला आवडेल असं. २०२३ मध्ये व्यायाम आणि बीपीवरच्या २७० चाचण्या एकत्र करून बघितल्या गेल्या, त्यात बसल्या बीपीवर सगळ्यात जास्त फरक पडला तो न हलता स्नायू ताणून धरण्यानं, म्हणजे भिंतीला पाठ लावून हवेत खुर्ची करून बसतात ना, तसं. सरासरी ८/४ नं उतरलं. दोन मिनिटं बसायचं, एक ते चार मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा. खर्च शून्य, मांड्या मात्र थरथरतात. यातही श्वास चालूच ठेवायचा, आणि हे पळण्याच्या, वजनांच्या जोडीला, त्याऐवजी नाही.

प्रश्न : मी ५१ वर्षांची, नाशिकला सायकलिंग करते, २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड) केल्यात. बीपीसाठी मेटोप्रोलॉल सुरू केल्यापासून चढावर पायात दगड बांधल्यासारखं होतं, पल्स १२५ च्या वर जातच नाही. साडेतेरा तासांत २०० आता होईल असं वाटत नाही. गोळी सोडून दिली तर? (नाशिक)

उत्तर : सोडू नका, निदान एकदम तर अजिबात नाही. ही गोळी झटक्यात बंद केली की पल्स आणि बीपी दोन्ही उसळून वर येतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत काही अडथळा असेल तर धोका मोठा.

तुमची तक्रार खरी आहे, वयाचा दोष नाही. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या जातीच्या गोळ्या हृदयाचा वेगच बांधून ठेवतात, त्यामुळं जोर लावायच्या वेळी हृदय वर जात नाही आणि दमसास कमी होतो. सायकलिस्टला, रनरला नुसत्या बीपीसाठी ही सहसा पहिली निवड नसते. पण तुम्हाला ती का दिली हे आधी विचारा, ठोके अनियमित होते का, अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), मायग्रेन, असं काही कारण असेल तर तीच गोळी बरोबर आहे. तसं काही नसेल तर सरळ म्हणा, डॉक्टर मी लांब सायकल चालवते, बदलता येईल का. टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या किंवा अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी व्यायामाच्या ताकदीवर फारसा फरक पडत नाही. अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजू शकतात, रामिप्रिल-एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागू शकतो, तर काय होतंय ते लिहून ठेवा आणि सांगा. आपल्याकडे पेशंट बोलत नाही आणि डॉक्टर विचारत नाही, मग गोळी गुपचूप कचऱ्यात जाते.

बदल होईपर्यंत घड्याळातले हार्ट रेट झोन विसरा, या गोळीवर ते लागू होत नाहीत. बोलून बघा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतायत पण गाणं म्हणता येत नाही, हा तुमचा लांब पल्ल्याचा वेग.

नवीन गोळीत लघवीचं औषध (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड) मिसळलेलं आहे का ते नावावरून बघा, खूप कॉम्बिनेशनमध्ये असतं. वाईट औषध नाही, पण उन्हात दहा-बारा तास सायकल चालवणाऱ्याला पाणी आणि सोडियम कमी पडायची भीती असते. आणि आता जपून वाचा : टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी, सोबत लघवीची गोळी, अंगातलं पाणी आटलेलं, आणि त्यात पाय दुखतात म्हणून एक डायक्लोफेनॅक, हे सगळं एकाच दिवशी जुळून आलं तर किडनी बसू शकते. ब्रेव्हेच्या दिवशी पेनकिलर नाही म्हणजे नाही. आदल्या दिवशी उलट्या-जुलाब झाले असतील तर राइड रद्द आणि गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

प्रश्न : १० मीटर एअर पिस्तूल खेळतो, राज्य पातळीवर. बीपी आणि हात थरथरणं दोन्हीसाठी फॅमिली डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिलंय. चालेल ना? (पुणे)

उत्तर : नाही चालणार. प्रोप्रॅनोलॉल वरच्या मेटोप्रोलॉलच्याच जातीचं, आणि नेमबाजी, तिरंदाजीत या जातीची औषधं स्पर्धेतही बंद आणि स्पर्धेबाहेरही बंद, कारण ती हात स्थिर करतात आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढवतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग सू या नेमबाजाची दोन पदकं याच प्रोप्रॅनोलॉलपायी काढून घेतली होती. डॉक्टरांना खेळाचं नाव सांगा आणि बदलून घ्या, बीपीच्या बाकी बऱ्याच गोळ्या चालतात. थरथरण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल, थायरॉईडपासून सुरुवात करा. तोवर ही गोळी पण एकदम तोडू नका, हळूहळू कमी करत उतरवायची असते.

प्रश्न : वय २६, बॅडमिंटन खेळते. पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, आता बीपी १४२/९२ येतंय. बीपीची गोळी पण घ्यावी लागेल का? (नागपूर)

उत्तर : थांब, आधी ती पहिली गोळी बघू. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी काही मुलींचं बीपी वाढतं, आणि बीपी जास्त असताना त्या गोळ्या चालू ठेवणं बरोबर नाही, त्यात मायग्रेन किंवा सिगारेट असेल तर अजूनच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना आकडे घेऊन याच आठवड्यात भेट, दुसरा पर्याय असतो. गोळी बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत बीपी खाली आलं तर प्रश्न मिटला. नाही आलं आणि औषध लागलंच तर लग्न-बाळाचा काय विचार आहे ते मोकळेपणानं सांग, टेल्मिसार्टन-रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. खेळणं चालू ठेव.

प्रश्न : बीपी आहे म्हणून घरात मीठ कमी केलंय, सैंधव वापरतो. पण मुंबई मॅरेथॉनला कोच म्हणतात दर तासाला इलेक्ट्रोलाइट घ्या. मीठ बंद का चालू, नक्की काय? (डोंबिवली, वय ४१)

उत्तर : दोन्ही. रोजच्या जेवणातलं कमी आणि लांब पळतानाचं वेगळं.

रोजचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपण आरामात त्याच्या दीडपट-दुप्पट खातो. भाजीतलं मीठ कमी केलं म्हणून खूश होऊ नका, पापड, लोणचं, फरसाण, ठेचा, पाव, सॉस, पाकिटातले नूडल्स यातून जातं ते मोजा. ऑफिसखालचा वडापाव आणि वर खारवलेली मिरची हा सुद्धा हिशेबातला आयटम आहे. सैंधव म्हणजे पण सोडियम क्लोराइडच, रंग गुलाबी असला तरी किडनीला तो दिसत नाही. कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, किडनी धड असेल तर चांगलं, पण तुम्ही टेल्मिसार्टन वगैरे घेत असाल किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम वाढून बसतं.

आता पळताना. तासाभराच्या रनला नुसतं पाणी पुरतं, इलेक्ट्रोलाइटची गरज नाही, ती कंपन्यांची गरज आहे. पण जानेवारीतल्या मुंबईत सुद्धा चार-पाच तास लागणाऱ्या माणसाचा शेवटचा टप्पा उन्हात आणि दमटपणात जातो, लिटरच्या हिशेबात घाम जातो, प्रत्येक लिटरमागं साधारण एक ग्रॅम सोडियम. तिथं ओआरएस घ्या, बीपी असलं तरी घ्या. लिटरभर पाण्याच्या एका पुडीत २.६ ग्रॅम मीठ असतं (त्या मिठातलं सोडियम साधारण एक ग्रॅमच), घामातून गेलेल्यापेक्षा ते काही जास्त होत नाही. उलट भीतीपोटी प्रत्येक स्टेशनवर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि लोक त्याला डिहायड्रेशन समजून अजून पाणी पाजतात. तहान लागेल तसं प्या. आणि रेस संपली की ओआरएस पण संपलं, सोमवारी ऑफिसात बसून बाटली चोखायची नाही.

प्रश्न : वय ६८, निवृत्त शिक्षक. दर रविवारी सिंहगड चढतो. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन सकाळी घेतो. अलीकडे गडावर पोचून बसलो आणि उठलो की डोळ्यापुढं अंधारी येते. यंदा आषाढी वारीत आळंदीपासून पायी चालायचं ठरवलंय. गोळ्या रात्री घेऊ का? वारीत बंद ठेवू का? (पुणे)

उत्तर : सर, बंद ठेवायच्या नाहीत. वेळेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, हृदयविकाराच्या झटक्यात किंवा पक्षाघातात फरक पडला नाही. तेव्हा तुमच्या रविवारच्या सोयीनं वेळ बदलायला हरकत नसावी, डॉक्टरांना सांगून बदला.

अंधारीचं कारण बहुतेक असं की चढताना पायातल्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात, त्यात गोळ्यांनी त्या अजून सैल, वर घाम गेलेला, आणि तुम्ही पोचल्या पोचल्या धपकन बसता. रक्त पायात साठतं, उठलं की डोक्याला कमी पडतं. पोचल्यावर पाच-दहा मिनिटं सपाटीवर रमतगमत चाला, मग ताक घ्या, मग बसा. पिठलं-भाकरी त्यानंतर. घरी बसून आणि मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी बीपी मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्तनं घसरत असेल किंवा ११० च्या खाली जात असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, नियमित चालण्यानं बीपी उतरून तुमचा डोसच आता जास्त झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर कमी करून मिळेल. पण अंधारी चढ चालू असतानाच येत असेल, किंवा छातीवर दाब, डाव्या हाताला कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप असं असेल तर ते बीपीचं नाही, हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पुढचा रविवार नाही.

वारीला जा, जरूर जा. निघायच्या महिनाभर आधी वरचं सगळं करून डोस नक्की करून घ्या, कारण पंढरपूरपर्यंत जवळजवळ तीन आठवडे रोज चालणं, घाम, पावसात भिजणं आणि मिळेल ते जेवण यात बीपी घरच्यासारखं राहत नाही. गोळ्या महिन्याभराच्या घ्या, अर्ध्या पिशवीत आणि अर्ध्या दिंडीतल्या ओळखीच्या माणसाकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, म्हणजे सामानाचा ट्रक पुढं गेला तरी अडणार नाही. औषधांची नावं आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. दिवे घाट चढायचा दिवस सगळ्यात दमवणारा, त्या दिवशी सकाळी निघताना पोटभर पाणी आणि मधे मधे सावलीत टेकणं. पाय दुखले तर मालिश करून घ्या, वाटेत कुणी पेनकिलर देऊ केली तर ती घेऊ नका, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. जुलाब लागले तर जवळच्या आरोग्य पथकात जाऊन बीपी मोजून घ्या आणि त्या दिवशीच्या गोळीचं त्यांनाच विचारा.